आपाला सुट्टी कोण देणार?

गेल्या पावसाळ्यात माझ्या बहिणीचं, आपाचं, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. रात्री पोटात कळ आली, पहाटे दाखल करावं लागलं. चार दिवस दवाखाना आणि नंतर पाच दिवस खालाच्या घरी विश्रांती, असे नऊ दिवस ती घरी नव्हती. बारा-तेरा वर्षांत ती सलग इतके दिवस घराबाहेर राहिल्याचं मला आठवत नाही. त्या नऊ दिवसांत भाईची जबाबदारी माझ्यावर होती, आणि ती मला जमली नाही.

भाई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे तो बिल्ट्या लिहायचा. अक्षर सुरेख, हिशेब चोख. मग हळूहळू त्याला वाटू लागलं की बाहेर उभ्या ट्रेलरचे हॉर्न आपल्याबद्दलच काहीतरी सांगतात. त्यानं कामावर जाणं सोडलं, नंतर खिडकी उघडणं सोडलं. आम्ही आधी ताविज केलं, पढलेलं पाणी दिलं, मग एका आमिलाकडे गुरुवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. दीड वर्ष त्यात गेलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि घरच्यांना थांबवण्याइतकं माझं वजन नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं तर मलाही तेव्हा 'असर' हा शब्द 'स्किझोफ्रेनिया'पेक्षा सोपा वाटत होता. कुणी केलेला असर काढता येतो. हा आजार मात्र सांभाळत राहावा लागतो.

पुढे मानसोपचारतज्ज्ञ मिळाले, निदान झालं. दोन औषधं लागू पडली नाहीत, तेव्हा डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केलं. इतर औषधांनी फरक पडत नाही अशा रुग्णांना देतात ते हे औषध. त्यानं भाईला आमच्यात परत आणलं, पण या औषधाचे नखरे फार. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होण्याचा धोका असतो, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला आणि नंतर ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं. त्यात सलग ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला, तर थेट जुन्या डोसवर परतता येत नाही. अगदी लहान डोसपासून पुन्हा चढत जावं लागतं.

हे शेवटचं वाक्य मला माहीत नव्हतं. आपाला माहीत होतं. दवाखान्यातून तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "गोळ्या डब्यात आहेत, सकाळी एक, रात्री दोन." मी भाईला विचारलं, घेतल्यास का? तो म्हणाला, घेतल्या. मी लॅपटॉप उघडून बसलो. तिसऱ्या रात्री तो झोपेना, खोलीत येरझाऱ्या घालू लागला, तेव्हा मी डबा उघडून पाहिला. आपा गेली त्या दिवसापासून सगळे कप्पे भरलेले होते.

आधीच्या डोसवर यायला त्याला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत खिडकीच्या फटींत पुन्हा वर्तमानपत्राचे बोळे आले. जेवण दाराशी ठेवावं लागलं. अम्मी रात्र रात्र दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. आपा घरी आली, टाके अजून ओले, आणि मला म्हणाली, "डबा उघडून बघ, हे मीच सांगायला हवं होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

या प्रसंगाबद्दल मी एवढ्यासाठी लिहितोय की तोवर मी स्वतःला भाईचा आधार समजत होतो. दर महिन्याच्या एक तारखेला माझे पैसे जातात. गोळ्या, तपासण्या, डॉक्टरांची फी, सगळं मी पाहतो. खारघरला राहतो, वीस मिनिटांत पोहोचतो. नातेवाईक अम्मीला म्हणतात, धाकट्यानं घर सांभाळलं. घर आपानं सांभाळलं. तिची बालवाडीची नोकरी गेली. तिच्यासाठी आलेले रिश्ते 'घरात असा भाऊ आहे' इथे येऊन थांबले, आणि पुढे तर यायचेच बंद झाले. ती आज एक्केचाळीस वर्षांची आहे. तिचं वय मी हे लिहिताना मोजलं.

माझ्या धंद्यात एक साधा नियम आहे. जी यंत्रणा चोवीस तास चालू राहायला हवी, तिची जबाबदारी एकट्या माणसावर ठेवायची नाही. आमच्याकडे ऑन-कॉलची पाळी असते. या आठवड्यात रात्री दोनला फोन वाजला तर मी उठणार, पुढच्या आठवड्यात दुसरा. मी फोन उचलला नाही तर आपोआप तिसऱ्याला जातो. पाळी सोपवताना लिखित नोंद द्यावी लागते: काय बिघडलं होतं, काय केलं, कशावर नजर ठेवायची. एखादा इंजिनिअर महिनाभर सलग ऑन-कॉल राहिला तर मॅनेजरला जाब विचारतात. आणि हे सगळं कशासाठी, तर लोकांच्या ऑर्डरी वेळेवर जाव्यात म्हणून. माझी बहीण मात्र बारा-तेरा वर्षं एकटी ऑन-कॉल आहे, आणि तिची सगळी नोंद तिच्या डोक्यात.

ती नोंद आम्ही नंतर वहीत उतरवली. अकरा पानं झाली. मी चाट पडलो. क्लोझापिननं बद्धकोष्ठ होतं आणि ते दुर्लक्षित राहिलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ती रोज सकाळी भाईला काय विचारते. थुंकी साठून उशी ओली होते, म्हणून कोणता टॉवेल. सिगारेटचं कलम तर मी दोनदा वाचलं. सिगारेटच्या धुरामुळे शरीर हे औषध लवकर जाळतं. सिगारेट एकदम कमी झाली की रक्तातलं औषधाचं प्रमाण वाढतं, माणूस सुस्त होतो, त्रास होऊ शकतो. रमजानमध्ये भाईची सिगारेट निम्म्यावर येते. त्यामुळे आपा दरवर्षी शाबान महिन्यातच डॉक्टरांना गाठते आणि डोसचं विचारून ठेवते. रोज्याचंही तसंच. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे हे भाईला पटवताना तिला दरवर्षी नवी युक्ती काढावी लागते, कारण सगळं घर रोज्यात असताना एकट्यानं दुपारी जेवायला त्याला लाज वाटते. मग तीच त्याच्यासोबत मागच्या खोलीत बसते, स्वतः न खाता. ही माहिती कुठल्याही फाइलमध्ये नव्हती, आणि आपाला त्या पहाटे काही बरंवाईट झालं असतं तर ती तिच्याबरोबरच गेली असती.

आपल्याकडे अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं: पाश्चात्त्यांकडे संस्था आहेत, आपल्याकडे कुटुंब आहे. या वाक्याला थोडा शास्त्रीय आधारही आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं स्किझोफ्रेनियावर अनेक देशांत एकत्र अभ्यास सुरू केला. आपल्याकडचं केंद्र आग्र्याला होतं. आग्र्यातले रुग्ण काही वर्षांनी श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे आढळले. त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात कुटुंबाला दिलं गेलं. नंतरच्या संशोधकांनी त्या निष्कर्षावर प्रश्नही उभे केले, पण कुटुंबाचा अभिमान राहिला तो राहिलाच. मला विचारायचंय ते एवढंच, की कुटुंब म्हणजे कोण? आमच्या घरी कुटुंब म्हणजे आपा. माझ्या ओळखीच्या अशा पाच-सहा घरांत मी डोळ्यांसमोर चेहरे आणले. आई, बायको, बहीण, सून. एक वडील आहेत, तेही निवृत्त झाल्यावर.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटननं १९७६ मध्ये आजारी माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांना भत्ता सुरू केला. विवाहित स्त्रियांना मात्र तो नाकारला, कारण त्या तशाही घरीच असतात, असं सरकारनं गृहीत धरलं होतं. आईची काळजी घेण्यासाठी नोकरी सोडलेली एक विवाहित बाई त्याविरुद्ध युरोपीय न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा कुठे १९८६ मध्ये ती अट गेली. 'तशाही घरीच असतात' हे वाक्य मी आमच्या घरात मराठीत आणि दख्खनीत, दोन्ही भाषांत ऐकलंय.

आपला कायदा कागदावर वाईट नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. मे २०१८ पासून तो लागू आहे. रुग्णाला साखळीनं बांधण्यावर त्यात स्पष्ट बंदी आहे. कलम १८ मध्ये सरकारनं कोणत्या सेवा द्यायच्या ते लिहिलंय, आणि त्यात रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा, घरच्या घरी पुनर्वसन, हाफवे होम हेही आहे. विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं, असंही याच कायद्यात आहे. त्यावरून ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकानं कंपन्यांना कळवलंही. पण विमा बहुतेक दाखल झाल्यावरच मिळतो, आणि हा आजार दवाखान्याच्या खाटेवर कमी, घरात जास्त काढायचा असतो. माझ्या ऑफिसच्या पॉलिसीत बायको, मुलं, आई-वडील घालता येतात. भावाचं नाव घालायला गेलो, तर यादीत 'भाऊ' हा पर्यायच नव्हता. मी त्याच क्षेत्रात काम करतो, त्यामुळे कुणीतरी बसून ती यादी ठरवली असणार, हे मला चांगलं माहीत आहे.

सरकारकडे मागायचं ते मागत राहू. या मासिकात मला आपल्याच लोकांशी बोलायचंय.

आपल्यात इयादतीची रीत आहे. आजाऱ्याला भेटायला जाणं हे पुण्याचं काम मानतात, आणि लोक खरंच जातात. अब्बांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा आमच्या सिडकोच्या दोन खोल्यांत बसायला जागा नव्हती. बिर्याणीचे डबे, फळं, झमझम. २६ जुलै २००५ ला कळंबोलीत पाणी शिरलं, तळमजले बुडाले, तेव्हा कोण कुठल्या जातीचा, कुठल्या मसलकचा हे न विचारता लोकांनी एकमेकांना वरच्या मजल्यांवर घेतलं. आमच्या घरी दोन रात्री तीन कुटुंबं होती. म्हणजे माणुसकी कमी आहे असं मी म्हणूच शकत नाही. भाईच्या आजारात मात्र इयादतीला आलेली माणसं मी बोटांवर मोजू शकतो. आली तीही पहिल्या वर्षी, आणि प्रत्येकानं एखाद्या आमिलाचा पत्ता दिला.

आजार लांबला की इयादत थांबते. आणि आजार मनाचा असेल तर ती सुरूच होत नाही. पॅरालिसिस झालेल्याच्या घरी, डायलिसिसवाल्याच्या घरी, पार्किन्सनवाल्याच्या घरी थोड्याफार फरकानं हेच चालतं. पहिल्या महिन्यात घर भरलेलं, सहाव्या महिन्यात फोन, तिसऱ्या वर्षी 'कसे आहेत आता?' असं लग्नाच्या पंगतीत. आपल्या जमाती, ट्रस्ट, तरुण मंडळं अँब्युलन्स घेतात, ऑपरेशनचं बिल भरतात, एक दिवसाचं शिबिर लावतात. जकातीतून औषधंही मिळतात. हे सगळं चांगलं आहे. त्याचा फोटो येतो, हिशेब मांडता येतो. पण शनिवारी दुपारी चार तास एखाद्या भाईजवळ बसून कॅरम खेळण्याचा हिशेब कोण मांडणार? माझ्या मते आज त्याच मदतीची सर्वांत जास्त टंचाई आहे.

हे स्वप्नरंजन नाही. केरळात मलप्पुरम आणि कोळिकोडच्या भागात २००० सालाच्या आसपास शेजारपाजारच्या लोकांनी दीर्घ आजाऱ्यांच्या काळजीचं जाळं उभं केलं. आठवड्याचे दोनेक तास देऊ शकणाऱ्या साध्या माणसांना प्रशिक्षण दिलं, पैसा गावातूनच छोट्या वर्गणीतून उभा केला, डॉक्टर-नर्स त्यांच्या पाठीशी. दुकानदार, रिक्षावाले, विद्यार्थी, गृहिणी त्यात आले. मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण 'आपल्या लोकांत हे चालणार नाही' असं मला आपल्याच लोकांनी सांगितलंय. २००८ मध्ये केरळ सरकारनं या कामाचं धोरणच केलं. त्याच वर्षी कोळिकोडला सुरू झालेल्या एका ट्रस्टनं हीच पद्धत गंभीर मानसिक आजारांसाठी वापरायला घेतली.

आणि केरळपर्यंत जायलाही नको. कॅल्गरी विद्यापीठातले प्राध्यापक जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याचे. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. घरातलं दुखणं त्यांनी घरात ठेवलं नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. २००४ च्या 'देवराई' चित्रपटामागेही तेच होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट लोकांना अतुल कुलकर्णींच्या शेषसाठी आठवतो. मी तो आपाबरोबर पाहिला तेव्हा ती सबंध वेळ शेषच्या बहिणीकडेच बघत होती. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आय. पी. एच. संस्था आहे, तिथे नातेवाइकांचे गट चालतात. मानसरोवरहून ठाण्याची लोकल थेट मिळते. या गटांमध्ये रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द गोड आहेत. आपाला पहिल्यांदा ऐकवले तेव्हा ती म्हणाली, "शुभंकरची पाठ दुखते का विचार त्यांना." पण गेली. आणि दोन तासांनी बाहेर आली ती एका ठाण्याच्या बाईंशी बोलतच.

मशिदी-दर्ग्यांना यात शत्रू मानू नये असंही मला वाटतं, जरी आमची दीड वर्षं तिकडेच गेली. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं पळता न आल्यानं जळून मेली. दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या खासगी आश्रमांतली ती माणसं होती. घरच्यांनीच तिथे आणून ठेवलेली. ते विसरून चालणार नाही. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं त्यात गुन्हा ठरतं, आणि तो सर्व धर्मांच्या बाबा-आमिलांना लागू आहे. पण गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' हा उपक्रमही झालाय. तिथे मुजावरच आलेल्या माणसाला दर्ग्याच्या आवारातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. आमच्या आमिलानं पहिल्याच गुरुवारी तेवढं केलं असतं, तर त्याच्यावर माझा काही राग नसता. जुम्याच्या बयानात पाच मिनिटं, आणि टेली-मानसचा १४४१६ हा नंबर नोटीस बोर्डावर, एवढं तर कुठलीही मशीद करू शकते. तो फोन चोवीस तास चालतो आणि सांभाळणाऱ्यालाही करता येतो.

दोन आक्षेप मी ऐकलेत. पहिला इज्जतीचा: बाहेरच्यांना बोलावलं की घरातली गोष्ट बाहेर जाते, मुलींची लग्नं अडतात. आमची गोष्ट कधीच बाहेर गेली होती. आमच्या इमारतीच्या भिंतींतून शेजारच्याचा कुकर मोजता येतो. लपवल्यानं फक्त एवढंच झालं की माहीत असलेल्या लोकांनीही माहीत नसल्यासारखं वागायचं ठरवलं. दुसरा आक्षेप पडद्याचा: घरात बायका, बाहेरचा पुरुष कसा येईल? उलट मला यातून नेमकं दुसरं टोक सापडतं. भाई पुरुष आहे. त्याला दाढीला न्हाव्याकडे नेणं, नमाजला सोबत नेणं, चालायला नेणं ही पुरुषांची कामं आहेत, आणि ती सगळी आज एक बाई करतेय. पडदा पाळायचाच असेल तर मग मेव्हण्यांनी, चुलत्यांनी, भाच्यांनी यायला हवं. आणि मी.

जानेवारीपासून आम्ही पाळी लावली आहे. दर शनिवारी चार ते आठ. मामूंची दोन मुलं, समोरचे निवृत्त एस.टी. कंडक्टर काका, माझा एक कॉलेजचा मित्र आणि मी. आपानं सगळ्यांना अकरा पानांच्या वहीतून दोन पानं काढून दिली, व्हॉट्सॲपवर. काकांना भाईबद्दल सगळ्यांत कमी भीती वाटली. ते म्हणाले, पस्तीस वर्षं पनवेल डेपोत काढली, तुझा भाऊ त्यापुढे काहीच नाही. दोघांत कॅरम चालतो, भाई बहुतेक जिंकतो. मामूंचा मोठा मुलगा दोनदा आला आणि मग कामं निघू लागली. मित्राची बदली पुण्याला झाली. अशानं पाच जणांची पाळी आता तिघांवर आली आहे.

पहिल्या शनिवारी आपाला कुठे जायचं ते सुचेना. ती खांदेश्वर स्टेशनवर एका बाकावर दोन तास बसून परत आली. दुसऱ्यांदा खालाकडे गेली. आता वाशीला एका शिवणकामाच्या वर्गाची चौकशी करतेय, पण तो आठवड्यातून दोन दिवस आहे, आणि दुसरा दिवस बुधवार. बुधवारी आमच्याकडे कुणीच नाही. माझं बुधवारी ऑफिस असतं. मॅनेजरला विचारायचं गेले दोन आठवडे राहून गेलंय. उद्या विचारतो.